वीस तारखेच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री मास्तरांच्या ओट्यावर ठरलं. या वर्षी दर महिन्याच्या वीस तारखेला आम्ही पाच जणांनी एकत्र जेवायचं, वार कुठलाही असो. घरं आळीपाळीने.

तारीख प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसची. इसवीसनपूर्व २७० मध्ये तो अथेन्समध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की मिळकतीच्या उत्पन्नातून दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमावं, त्याची आणि त्याच्याआधी गेलेल्या मित्राची, मेत्रोदोरसची, आठवण काढावी. पुढे त्याच्या पंथाच्या लोकांना ‘विसाव्याचे’ असंच नाव पडलं. मराठीत या शब्दाला आपोआप दुसरा अर्थ येतो, त्यावर मास्तर बेहद्द खूश.

पाच जण म्हणजे मास्तर (संस्कृत शिकवायचे, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली), शेजारच्या वहिनी (पोळी-भाजी केंद्र चालवतात), जनावरांचे डॉक्टर, शाळेपासूनची माझी मैत्रीण आणि मी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आम्ही गावभागात वहिनींच्या माडीवर अकरा माणसं सहा दिवस होतो. एकमेकांना इतकं ओळखणारी माणसं मला दुसरी नाहीत. आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत आम्ही पाचही जण एकत्र बसलो ते दोनदा, एकदा लग्नात आणि एकदा मास्तरांची बायको, आमच्या काकू, गेल्या तेव्हा. बाकी सगळं फोनवर. ‘भेटू या एकदा.’

म्हणून हा प्रकल्प. वीस तारीख पाळायची. एपिक्युरसने मेनोइकेउस नावाच्या माणसाला लिहिलेलं पत्र मराठीत आणायचं. आणि मी स्वतः इच्छांची वही ठेवणार आहे, त्याबद्दल सावकाश.

१२ जानेवारी, रविवार

पत्राचं काम मास्तर आणि मी करतोय. दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवायची, अडलं की ग्रीक शब्द कोशात बघायचा. पहिल्याच बैठकीला ‘हेडोनी’पाशी अडलो.

सुख म्हणावं तर सरळ आहे. पण त्याच्या विचाराला मराठीत ‘सुखवाद’ म्हणतात आणि तो शब्द आपल्याकडे जन्मापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. गीतारहस्यात टिळकांनी ‘आधिभौतिक सुखवाद’ म्हणून अख्खं प्रकरण लिहिलं, ते त्याला खोडण्यासाठी. सुखवाद म्हटलं की लोकांना चार्वाक आठवतो आणि चार्वाक म्हटलं की कर्ज काढून तूप पिणं. मास्तरांचं म्हणणं, चार्वाकांचं स्वतःचं लेखन आपल्या हाती जवळजवळ नाहीच. जे आहे ते खंडन करणाऱ्यांनी दिलेलं. एपिक्युरसचं तसंच झालं. मेत्रोदोरसचा सख्खा भाऊ तिमोक्रातेस पंथ सोडून गेला आणि सांगत सुटला की गुरुजी इतकं खातात की दिवसातून दोनदा ओकतात. ही गोष्ट टिकली. त्याच गुरुजींनी मित्राला ‘एक छोटं भांडंभर चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल’ असं लिहिलं होतं, ती गोष्ट मागे पडली.

पत्रात तो स्वच्छ सांगतो की आम्ही सुख म्हणतो ते पिण्याच्या बैठकींचं नव्हे, भरल्या ताटातल्या माशांचं नव्हे. शरीराला दुखणं नसावं आणि मनात खळबळ नसावी. या दुसऱ्याला त्याचा शब्द ‘अताराक्सिया’. शांती? फार देवघरातली. समाधान? त्यात थोडं ‘आहे त्यात भागवणं’ आलं. स्थितप्रज्ञता तर नकोच, हा माणूस कोणाला योगी व्हायला सांगत नाही.

चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, “निवांत म्हणा की.”

मास्तर दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, निवात म्हणजे जिथे वारा नाही ती जागा, निवांत त्याच घरातला. आणि याच पत्रात वाक्य आहे की दुखणं आणि भीती यांतून सुटका झाली की जिवातलं सगळं वादळ शमतं. शब्द ठरला.

२० जानेवारी, सोमवार. वहिनींकडे

पहिली वीस तारीख. पाचही जण आले. वहिनींनी वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी केली होती. वर गुळाची पोळी, संक्रांत नुकतीच झाली म्हणून.

मी त्यांना वेढ्याची गोष्ट सांगितली. इसवीसनपूर्व २९४ च्या सुमाराला देमेत्रियस नावाच्या सेनानीने अथेन्सला वेढा घातला, शहरात दाणा मिळेना. चरित्रकार प्लुटार्क लिहितो की एपिक्युरसने आपल्या माणसांना रोज कडधान्याचे दाणे मोजून वाटून जगवलं. सांगून होईपर्यंत सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या होत्या. माडीवर चौथ्या दिवशी पोहे संपत आले तेव्हा त्यांनी स्टीलची लहान वाटी काढली होती. दर माणशी एक वाटी, काठोकाठ नाही, बोटभर खाली. स्वतःची शेवटी. ती वाटी आज चटणीसाठी ताटाशेजारी होती, कडेला पोचा आलेली. मैत्रिणीने ती उचलून बघितली आणि परत ठेवली.

घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर एक वचन उतरवलं. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात १८८८ साली सापडलेल्या, एपिक्युरसच्या पंथाच्या ८१ वचनांपैकी हे ३४ वं: मित्रांच्या मदतीची आपल्याला तितकी गरज नसते, जितकी ती मिळेल या भरवशाची असते.

९ फेब्रुवारी, रविवार

इच्छांची वही. तीन रकाने एपिक्युरसच्या वर्गवारीप्रमाणे: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, दोन्ही नाही. प्रत्येक नोंदीसमोर ७१ व्या वचनातला प्रश्न: ही पुरी झाली तर माझं काय होईल, नाही झाली तर काय?

पतसंस्थेत सत्तावीस वर्षं हिशेब लिहितेय, त्यामुळे रकाने आखणं सोपं. भरणं अवघड. चार वाजताचा चहा पहिल्या रकान्यात टाकला, मग खोडून दुसऱ्यात. मिक्सर दुसऱ्यात. नवा फोन तिसऱ्यात, कारण जुना व्यवस्थित चालतो. पुण्यात मुलाजवळ फ्लॅट, हे कुठे टाकावं? मुलाजवळ असावं ही ओढ अस्सल आहे. पण मी वही घेऊन बसले तेव्हा डोळ्यांपुढे आला तो फ्लॅटचा दिवाणखाना. मुलगा त्यात नव्हता. तिसरा रकाना.

एक मात्र कळलं. ‘पुरी झाली तर काय होईल’ याचं उत्तर मी चटकन लिहिते, ‘नाही झाली तर’ यापुढची जागा रिकामी राहते. बहुतेक वेळा काहीच होणार नसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. डॉक्टरांकडे

मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वडे, जिरेभात, वर आइस्क्रीम. मास्तरांसाठी वेगळं श्रीखंड. डॉक्टर सकाळपासून स्वतः राबत होते. रात्री अकरापर्यंत हसलो. मैत्रीण लवकर उठली, डोकं दुखतंय म्हणाली.

आज लेओन्तिऑनचा विषय निघाला. अथेन्सबाहेर प्लेटोच्या अकादमीच्या वाटेवर ८० मिना (तेव्हाचं ग्रीक चलन) देऊन घेतलेली एपिक्युरसची बाग, तिथे स्त्रिया होत्या, गुलाम होते. मिस नावाचा गुलाम तिथे तत्त्वज्ञान शिकला, मृत्युपत्राने मोकळा झाला. लेओन्तिऑन गणिका. तिने थेओफ्रास्तस या नाणावलेल्या पंडिताविरुद्ध ग्रंथ लिहिला. दोनशेहून जास्त वर्षांनी रोमन लेखक सिसेरो त्यावर चिडलेला दिसतो, पण तिचं ग्रीक चांगलं आहे हेही त्याला म्हणावं लागतं. तो ग्रंथ हरवला. मला त्याचं फार वाईट वाटतं.

१६ मार्च, रविवार

२० ची पाळी मैत्रिणीची होती. तिचा मेसेज: पाहुणे येतायत, या वेळी कोणी दुसरं घेईल का. मी घेतली.

२० मार्च, गुरुवार. माझ्याकडे

पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, कुरडया. सगळं नीट झालं. मैत्रीण आली नाही. पाहुणे.

६ एप्रिल, रविवार

पत्राचा निम्मा मजकूर झाला. आज ते सोडून इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांबद्दल वाचत बसलो. इसवीसन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या एका वाड्यात पपायरसचं मोठं ग्रंथालय होतं, बरंचसं याच पंथातल्या फिलोदेमसचं. गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या, उघडायला गेलं की चुरा होतो. आता त्या न उघडता क्ष-किरणांनी स्कॅन करून संगणकाकडून शाई ओळखून घेतात. २०२४ च्या फेब्रुवारीत तीन विद्यार्थ्यांना त्यासाठी मोठं बक्षीस मिळालं. जे वाचता आलं ते नेमकं सुखाबद्दल: खाण्याच्या बाबतीतही, एखादी गोष्ट दुर्मिळ आहे म्हणून ती मुबलक मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त सुखाची, असं आम्ही लगेच मानत नाही.

दोन हजार वर्षं कोळशाच्या आत हे वाक्य होतं. मास्तरांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं. समोर ताटलीत तासगावची द्राक्षं होती, सध्या गल्लीगल्लीत गाड्यावर आहेत आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही. सगळे देवगडच्या पेटीची वाट बघतायत. मीही बघतेय. त्या सकाळी मात्र द्राक्षं नीट चव घेऊन खाल्ली.

२० एप्रिल, रविवार. मास्तरांकडे

मास्तर एकटे राहतात, म्हणून त्यांनी केटररला सांगितलं. आमरस-पुरी, अळूवडी, मसालेभात. आम्ही ओरडलो त्यांना. मैत्रीण नाही. या वेळी कारणही नाही, फोन बंद.

२३ एप्रिल, बुधवार

ऑफिस सुटल्यावर न सांगता तिच्याकडे गेले.

दार तिनेच उघडलं. ओट्यावर कुकर, एक भांडं आमटी. भावोजी बाहेर गेले होते. ते जिथे कामाला होते तो कारखाना नोव्हेंबरातच बंद झालाय. सहा महिने. जानेवारीत ती आमच्याबरोबर बाजरीची भाकरी खात होती तेव्हाही बंदच होता. पाटल्या गहाण आहेत. माझ्या पतसंस्थेत नाहीत, मुद्दाम दुसरीकडे ठेवल्या, मला कळू नये म्हणून.

मी म्हटलं, “अगं, बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? डॉक्टरांकडचं जेवण बघितलं आणि घरी येऊन हिशेब मांडला. पाच माणसांचं तसं जेवण म्हणजे आमचा आठवड्याचा बाजार. तू पुरणपोळी केलीस. माझ्या पाळीला मी काय वाढू? वीस तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो.”

मग तिने मला जेवायला बसवलं. आमटी-भात, तोंडी लावायला कैरीचा तक्कू. मी दोनदा भात घेतला, भूक लागली होती.

रात्री हे लिहितेय. भरवशाचं वचन मी पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं आणि माझी सगळ्यात जुनी मैत्रीण दोन महिने आमच्या जेवणाला घाबरत होती. साधं खा, असं एपिक्युरस सांगतो तेव्हा मी ते तब्येतीसाठी किंवा काटकसरीसाठी वाचत होते, उपासाच्या पुस्तकासारखं. आज वाटतं, बागेत जवाची भाकरी आणि पाणी होतं ते बाग सगळ्यांना परवडावी म्हणून. गणिका, गुलाम, लाम्पसाकसहून आलेला कोणी, प्रत्येकाला आपली पाळी घेता यावी इतकं स्वस्त ताट. त्याच्या पत्रात हे या शब्दांत नाही. माझा अर्थ आहे, पण मी त्यावर ठाम आहे.

२७ एप्रिल, रविवार

तिची परवानगी घेऊन बाकीच्या तिघांना सांगितलं. वाद झाला, आणि चांगलाच.

डॉक्टरांनी लगेच मांडलं: दर महिन्याला प्रत्येकी ठरावीक रक्कम, एक सामाईक निधी, भिशीसारखा, ज्याला लागेल त्याने उचलायचा. मास्तरांनी तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनीस लाएर्तियसने नोंदवलेली गोष्ट काढली. पायथागोरस म्हणे की मित्रांचं सगळं सामाईक. एपिक्युरस आपल्या माणसांना मिळकत एकत्र करू देत नव्हता. त्याचं म्हणणं, सामाईक पेटी लागते ती एकमेकांवर विश्वास नसणाऱ्यांना, आणि विश्वास नसेल तर ते मित्र कसले.

डॉक्टर भडकले. “तिच्या पाटल्या गहाण आहेत आणि तुम्ही मला पोथी वाचून दाखवताय?”

डॉक्टर चुकले नव्हते. ३९ वं वचन दोन्हीकडे कापतं: सतत मदतच बघणारा मित्र नव्हे, आणि मैत्रीत मदतीचा संबंधच आणू नये म्हणणाराही नव्हे. पण निधीला मीही नाही म्हटलं. हिशेब मी लिहिते, मला माहीत आहे की वहीत नाव चढलं की माणूस कसा बदलतो. उचल केलेला आणि न केलेला, असे दोन गट पडतात.

वहिनी इतका वेळ मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “पैशाचं ज्याचं त्याने बघा, गुपचूप. आधी ताट बदला.”

ठरलं ते असं: वीस तारखेला भाकरी, एक कालवण, ताक. बस. फिलोदेमसची एक छोटी कविता आहे. रोमन सरदार पिसोला तो विसाव्या दिवशी आपल्या साध्या खोपटात जेवायला बोलावतो आणि आधीच सांगून ठेवतो की इथे भारी मांस नाही, किऑसची दारू नाही, पण खरे सोबती आहेत. आम्ही फेब्रुवारीपासून नेमकं उलटं करत होतो.

संध्याकाळी डॉक्टर एकटेच भावोजींना भेटून आले. काय बोलणं झालं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२० मे, मंगळवार. वहिनींकडे

पिठलं, ज्वारीची भाकरी, ताक. मैत्रीण आली. सुरुवातीला सगळेच जरा जपून बोलत होतो. मग डॉक्टर दारात झाकण लावलेलं पातेलं घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “नियमात बसतं का ते आधी सांगा.” एका गोठ्यात म्हैस व्यायली होती, मालकाने चीक दिला होता. खरवस.

मास्तरांनी निकाल दिला की भांडंभर चीज चालत असेल तर भांडंभर खरवस चालायलाच हवा. वेलचीचा वास, कापताना सुरीला किंचित चिकटणारा. पाच वड्या, सारख्या.

८ जून, रविवार

पत्रातला मरणाचा भाग. ‘मरण आपल्याला काहीच नाही. आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही.’ वाक्य मराठीत सहज उतरलं, पण मास्तरांनी लेखणी खाली ठेवली.

“माझ्या मरणापुरतं पटतं. पण ही गेली त्याचं काय? मी तर आहे.”

मी उत्तर शोधायच्या भानगडीत पडले नाही. एपिक्युरसचं शेवटच्या दिवशीचं पत्र काढलं, इदोमेनेउस या मित्राला लिहिलेलं. मूतखड्याने लघवी अडलेली, चौदा दिवसांचं दुखणं. त्यात तो लिहितो की वेदना याहून वाढू शकणार नाहीत इतक्या आहेत, आणि त्यांच्यासमोर मी आपल्या झालेल्या गप्पांच्या आठवणीचा आनंद उभा केलाय. मग एकच काम सांगतो: मेत्रोदोरसच्या मुलांना सांभाळ. मरण काहीच नाही म्हणणारा माणूस मेलेल्या मित्राच्या मुलांची सोय लावत होता. मला त्यात विसंगती दिसत नाही.

मास्तर काकूंच्या गप्पांबद्दल बोलत राहिले. पत्राचं काम आज तिथेच थांबलं.

एका गोष्टीत मात्र मी एपिक्युरसबरोबर नाही. सार्वजनिक कामातून अंग काढून घ्या, लपून जगा, हा सल्ला. पुरात बोट आमच्या माडीशी आली ती कोणीतरी सार्वजनिक कामात पडलं होतं म्हणून.

२० जून, शुक्रवार. डॉक्टरांकडे

भाकरी, आमटी, ताक. मुसळधार पाऊस, तरी पाचही जण. इच्छांच्या वहीतला पुण्याचा फ्लॅट आज खोडला. त्याऐवजी पहिल्या रकान्यात: महिन्यातून एकदा मुलाकडे जाणे. बसचं भाडं लिहून ठेवलं.

२० जुलै, रविवार. मैत्रिणीकडे

तिने स्वतःहून पाळी मागून घेतली. भावोजींना मिरजेत गोदामात काम लागलंय, पगार आधीपेक्षा कमी. पाटल्या अजून गहाणच आहेत. हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं, भाकरी थापता थापता, पाठ आमच्याकडे करून.

ज्वारीची भाकरी, मुगाच्या डाळीचं कालवण, ताक. तवा एकच, त्यामुळे भाकरी एकेक येत होती. पहिली मास्तरांच्या ताटात पडली, त्यांनी ती मोडून पुढे केली. मग तसंच चालू राहिलं, आलेली प्रत्येक भाकरी पाच तुकडे होऊन फिरत होती आणि कोणाचंच ताट एका वेळी भरलं नाही. जेवायला दीड तास लागला. तिच्या ताटातलं कालवण थंड झालं, ती शेवटी बसली. वहिनी तिच्यासाठी उठून दोन भाकऱ्या करायला गेल्या तर तिने त्यांना हाताला धरून बसवलं.

पत्र पुरं झालं आहे, पहिला खर्डा. मास्तर शेवटचा परिच्छेद पुन्हा बघणार आहेत. त्यात एपिक्युरस सांगतो की यावर दिवसरात्र विचार कर, एकट्याने आणि आपल्यासारख्याच कुणाबरोबर.

पुढची वीस तारीख बुधवारी, पाळी माझी. ज्वारी दोन किलो दळून आणणे. मैत्रिणीचा डबा परत करणे, तक्कूचा, एप्रिलपासून माझ्याकडेच आहे.